भरलेलं वजा रिकामं

ट्रक आत येतो तेव्हा एकदा,
बाहेर पडतो तेव्हा पुन्हा एकदा.
भरलेलं वजा रिकामं.
एकवीस वर्षं मी हीच वजाबाकी करतेय
आलेंतेजूच्या उन्हात, पत्र्याच्या खोलीत.
आसपासची गावं मी ओझ्यावरून ओळखते:
सोमवारी लग्नांचं उष्टं,
द्राक्षं तुडवून झाली की चोथ्याचा आंबूस दर्प,
जानेवारीत कुणा एकट्या म्हातारीची गादी,
जी इतर गाद्यांइतकीच भरते.

करकोचे पूर्वी जायचे.
ऑगस्ट सरताना एका सकाळी चर्चचा मनोरा ओका दिसायचा
आणि आई म्हणायची, गेले, समुद्रापार.
मग इथे हा डोंगर वाढू लागला
आणि त्यांनी जाणं सोडलं.
कशाला जातील?
आफ्रिका ट्रकात बसून त्यांच्या पायाशी येत होती.

आदेरितु रोलर चालवायचा.
नांगरामागे यावेत तसे ते त्याच्या मागे,
घाणीतून सोवळेपणाने पाय उचलत.
एकदा त्याने पिल्लू आणलं, विजेच्या खांबावरून पडलेलं.
काट्यावर ठेवलं. काटा शून्यावरच.
वीस किलोच्या खालचं त्याला काही कळत नाही.
डॉक्टरीणबाईंनी पोट उघडलं:
कोथिंबिरीच्या जुड्यांची रबरं,
पिवळी, लाल, निळी,
एकशे बारा.
गांडुळं समजून आईने भरवलेली.

त्यानंतर मी दारोदार फिरले.
सालं वेगळी, हाडं वेगळी, तपकिरी डबा, झाकण घट्ट.
इर्मेलिंदा दारातूनच ओरडली,
‘माझ्यापेक्षा माझ्या सालांचे लाड!’
पण ठेवू लागली. सगळेच ठेवू लागले, कुरकुरत.
उष्टं आता बंद शेडमध्ये जातं,
वाफाळतं, काळं होतं, बुचाच्या ओकांखाली पसरतं.
डोंगरावर चिकणमाती घातली, नळ्या खुपसल्या.
माझा पंखा आता
त्याच्या पोटातल्या वायूवर फिरतो.

त्या हिवाळ्यात करकोचे मातीवर उभे राहिले.
दिवसेंदिवस. नुसते.
दुकानाचं शटर पडलेलं पाहून
कुणी तरी उघडेलच म्हणून थांबावं, तसे.
मला वाटलं होतं, आपण चांगलं काम केलं.
केलंच होतं.

तेव्हाच आदेरितुची जुनी गाडी
रोज सकाळी येताना एक वजन दाखवायची,
जाताना वीस किलो कमी.
मेव्हण्याच्या दुकानातली मासळीची मुंडकी.
मला वासच आला होता.
एकवीस वर्षांत पहिल्यांदा
मी एक रकाना कोरा ठेवला.
मग दुसरा. मग सगळा फेब्रुवारी.
मार्चमध्ये त्याच्या खिडकीशी जाऊन म्हणाले,
‘पुरे, आदेरितु. तूच त्यांचा डोंगर होशील.’
तो काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी गाडीचं वजन
येता-जाता सारखं.

यंदा ऑगस्टात ते उंच घिरट्या घालू लागले,
उकाड्याच्या खांबावरून चढत चढत,
आणि दक्षिणेला वळले.
सगळे नाही. अकरा मागे राहिले.
आदेरितु रोज मोजतो,
मला सांगतो, मी न विचारता.

संध्याकाळी शेवटचा ट्रक गेला की
काट्यावर कुणी नसतं.
तरी वारा सुटला की आकडा हलतो:
वीस.
शून्य.
वीस.
मी वही मिटते आणि जरा वेळ बसून राहते.