सर्वानुमते

इतिवृत्ताची वही माझ्याकडे असायची.
निळा पुठ्ठा, कोपऱ्यावर तर्रीचा डाग.
बैठक बुधवारी, साडेचारला,
जिमखान्यामागच्या खोलीत, जिथं तुटके कॅरम
आणि मागच्या निवडणुकीचे फलक
एकमेकांना टेकून उभे असत.
आम्ही सहाजण. थंडीत चार.
अंकुश पराते अध्यक्ष, हर्षल उके खजिनदार,
मी सचिव, अक्षर बरं म्हणून.
प्रत्येक ठरावाखाली माझी तीच ओळ:
सर्वानुमते मंजूर.

दोन हजार तीनशे मुलांच्या वतीनं
आम्ही स्नेहसंमेलनाचा डीजे ठरवला,
जॅकेटचा रंग ठरवला (दोन बैठका गेल्या त्यात),
आणि लायब्ररी सहापर्यंत उघडी राहावी म्हणून
प्राचार्यांच्या दाराशी भर उन्हात बसलो.
मागणी मान्य झाली.
सक्करदऱ्याच्या चौकात फटाके फोडले,
शिल्लक राहिलेले खजिनदारानं घरी नेले.

दुसऱ्या दिवशी मृणाली निनावे आली.
बी.एस्सी. दुसरं वर्ष,
सॅकच्या पट्ट्याला सेफ्टी पिन.
"सचिव तुम्हीच का जी?
सहापर्यंत उघडी ठेवतात, म्हणून आता अकराला उघडते.
आधी नऊला उघडे.
ग्रंथपाल तर एकच हाये, तास कुठून वाढन?
मांढळची गाडी आम्हाले साडेआठला आणून सोडते
अन् चार-दहाला घेऊन जाते.
वहीत सर्वानुमते लिवलं म्हणे.
मंग मी कोण होय?"

मी म्हटलं, बैठकीला येत जा ना.
ती म्हणाली, "साडेचारला?"
आणि हसली नाही.

पुढच्या बुधवारी वही घेऊन
मी चारला दिघोरी नाक्यावर.
अंकुश कुरकुरला, "काऊन बे, बैठक का ष्टॉपवर होते?"
पण आला.
एक्केचाळीस जण होते. पानठेल्याच्या सावलीत
निम्मेही मावत नव्हते.
मी दोनदा निवडून आलो होतो
आणि यातल्या तिघांची नावं मला माहीत होती.

ठराव अर्धा वाचून झाला
आणि त्या महिन्यात पहिल्यांदाच गाडी वेळेवर आली.
वाक्य तोंडात, वही छातीशी,
मीही चढलो.
कंडक्टरनं विचारलं, कुठं?
म्हटलं, ठराव संपेल तिथपर्यंत.
त्यानं पाचगावचं तिकीट फाडलं.

"बाजूनं असतील त्यांनी हात वर करा," म्हणालो
आणि वर पाहिलं:
सगळ्यांचे हात आधीच वर होते,
दांडीला.

मागून मृणाली ओरडली,
"बाजूनं असन त्यानं दांडी सोडा!"

विहीरगावचे गतिरोधक एकामागून एक.
कुणी सीटला गुडघा लावला,
कुणी शेजारच्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं,
एक पोरगा सरळ माझ्या वहीवर आला.
मी मोजत होतो.
सत्तावीस सुटले.
चौदांनी धरून ठेवली,
त्यात रोहन गेडाम, मुठी पांढऱ्या पडेपर्यंत:
"माही बहीण होस्टेलात हाये.
पाचपर्यंत प्रॅक्टिकल. तिले सहा लागते."
कंडक्टर कशालाच धरून नव्हता,
त्याला मोजलं नाही.

पाचगावला उतरलो. परतीची गाडी तासाभरानं.
चहाच्या टपरीवर, एका पिवळ्या बल्बाखाली,
सवयीनं "सर्वा" एवढं लिहून झालं होतं.
खोडलं.
बाजूने सत्तावीस, विरोधात चौदा,
आणि चौदांचं कारण, जसं सांगितलं तसं,
माही बहीण होस्टेलात हाये.

लायब्ररीचं अजून भिजत पडलंय.
दुसऱ्या माणसासाठी अर्ज दिलाय, तो कुठल्याशा टेबलावर आहे.
बैठक आता एक बुधवार खोलीत, एक बुधवार नाक्यावर,
आणि होस्टेलच्या मुली म्हणतात, आमच्याकडे कधी?

प्राचार्यांनी वही चाळली, त्या पानावर थांबले.
गाडीत लिहिलेल्या ओळी, रस्त्यासारख्याच.
म्हणाले, "हे काय? नीट उतरवून आणा."

हो सर, म्हणालो.
नाही उतरवलं.