१८९० साली मी बारा वर्षांचा होतो

१८९० साली मी बारा वर्षांचा होतो.
१९७० सालीही.
दर रविवारी साडेपाचला, इंग्लंडभर चहा उकळत असताना,
मी यॉर्कशायरच्या माळावर घोडा फेकायचो.
खरं तर फेकायची ब्रेंडा, तबेलेवाल्याची पोर,
माझा कोट घालून, पाठमोरी.
मी फक्त उतरायचो.

गारफर्थ घराणं. दर वर्षी एक नवी पिढी.
आधीच्या वर्षी अँब्रोजने तळघरात नकाशा लपवला,
तेव्हा तो पोरगा होता, साल १८५४.
एका उन्हाळ्यात तो अठ्ठेचाळीसचा झाला:
दुसराच कुणी माणूस, चिकटवलेल्या मिशा,
तोंडाला पेपरमिंटचा वास.
त्याला मी बाबा म्हणायचो.
त्याचे आठवड्याला मला अकरा पौंड मिळायचे.

माझे बाबा एअर नदीकाठच्या गिरणीत रंगारी.
नखं निळी, ती शेवटपर्यंत निळी.
आमच्या टीव्हीत रंग नव्हता.
पडद्यावर मी आलो की ते पुढे सरकून विचारायचे,
"कोट कसला रे?"
"लाल."
"लाल म्हणजे कसला लाल?"
मी म्हणायचो, खूप उकळलेल्या चहासारखा.
"मग मंजिष्ठा. नव्वद साली मंजिष्ठा कोण वापरतो?
तोवर रसायनं आली होती. सांग त्यांना."
मी सांगितलं नाही.
कपडेवाल्या मिसेस ऑल्डरसनच्या तोंडात
कायम टाचण्या असत,
तिला काही सांगायची सोय नव्हती.

डिसेंबरात आवाज फुटला.
तिसऱ्या वर्षी पत्र आलं नाही.
पडद्यावर मात्र आलं:
साल १९१७, दिवाणखाना, तबकात लखोटा.
नवा पोरगा, माझा मुलगा, लखोटा फोडतो,
आणि कुणीतरी बाई खुर्चीचा हात घट्ट धरते.
एवढ्यात मेलो मी. फ्रान्समध्ये, पडद्याबाहेर.
आईने माझ्या ताटात आणखी एक टोस्ट ठेवला.
बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत,
मग म्हणाले, "पोरगा बरा आहे. पण चालतो बदकासारखा."
ते त्यांनी माझ्यासाठी म्हटलं,
हे कळायला मला स्वतःचा मुलगा व्हावा लागला.

चौथ्या वर्षी नकाशा पुरा सापडला. खजिना नव्हताच,
एका विहिरीचा मालकीहक्क तेवढा होता.
पुढे कुणीतरी टेपा पुसल्या, वर फुटबॉल भरला.
गिरणीही गेली. तिथे आता गालिचे विकतात,
बेल्जियमहून आलेले.

परवा नातीला घेऊन ती हवेली पाहायला गेलो.
तिकीट नऊ पौंड, मुलांना पाच.
जिन्याजवळच्या तुळईवर काचेची पट्टी लावलीय.
गाइड पोरगी नम्र, गळ्यात ओळखपत्र.
म्हणाली, ही अक्षरं घरातल्या एका मुलाने कोरली,
बहुधा १८९०च्या सुमाराला. जे. जी.
आणि खाली हा एच.
एच कुणाचा, ते कळत नाही. एखादा नोकर असावा.

जे. जी. पटकथेत होता.
पहिल्या टेकला दिवा फुटला, सगळे चहाला गेले,
चाकू माझ्या हातातच राहिला होता.
बाबांचं नाव हर्बर्ट.
एचचा डावा पाय तिरका गेलाय,
तिथे लाकडात गाठ होती. अजून आहे.

इमोजेनने विचारलं, "आजोबा, नोकर म्हणजे कोण?"
गाइड पुढच्या खोलीत शिरली होती,
तिथे दोरीपलीकडे एक लाल कोट होता, पुतळ्याच्या अंगावर.
मी चष्मा शोधू लागलो.