नदीपलीकडचा राउटर

गंगापूर रोडच्या लॅबमधून हिरावाडीला
एक पाकीट पाठवलं, चौसष्ट बाइटांचं.
मध्ये फक्त गोदावरी. स्कूटीवर वीस मिनिटं,
रविवार कारंजाला अडकलं तर तीस.

पाकीट मात्र आधी कसारा घाट उतरलं,
मुंबईत कुठल्याशा थंडगार मजल्यावर
एका कंपनीच्या तारेतून दुसरीच्या तारेत शिरलं
आणि तोच घाट चढून परत नाशकात आलं.
अकरा मिलिसेकंद.
दोन्ही कंपन्यांचं गावात एकमेकींशी बोलणं नाही.
हाच माझ्या एम. टेक.चा प्रबंध.
एकशे बारा पानं, आणि तीन महिने रखडलेला स्टायपेंड.

रस्ता कसा कळतो, ते ज्युनिअर्सना असं शिकवते:
पाकिटाला आयुष्य मोजूनच द्यायचं.
पहिल्याला एक मुक्काम, दुसऱ्याला दोन.
ज्याचं जिथं संपेल तिथला राउटर उलट टपाली कळवतो,
तुमचं पाकीट इथे, माझ्या दारात, गेलं.
अशा गेलेल्यांच्या निरोपांवरून नकाशा काढायचा.
मागच्या बाकावरून प्रथमेश साबळे म्हणाला,
"म्हणजे रामकुंडावरच्या गुरुजींची वही, मॅडम."
वर्ग हसला. मीही.
रात्री ते वाक्य रफ वहीच्या शेवटच्या पानावर उतरवलं.

हिरावाडीतला राउटर माझ्या बहिणीच्या घरचा.
मीच बसवलेला, टीव्हीच्या मागे, दोन खिळ्यांवर.
पासवर्ड भाच्याच्या वाढदिवसाचा.
मग माझ्या फीच्या पैशांवरून
हर्षदाताई एक वाक्य बोलली, मी दोन बोलले.
त्याला चौदा महिने झाले.
मेसेज करते, निळ्या खुणा येतात, पुढे काही नाही.
राउटर मात्र दर पाच मिनिटांनी उत्तर देतो.
आहेस का?
आहे.

रात्री पावणेअकराला ती तो भिंतीच्या बटणावरून बंद करते,
सकाळी सहाला, दूध तापवताना, चालू.
लाइट बिल. आईकडून आलेली सवय.
आलेखात रोज तेवढी पांढरी पट्टी.
कुणाची झोप अशी परस्पर मोजावी का,
हा प्रश्न विभागाच्या कुठल्याच फॉर्मवर नव्हता.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी पट्टी आलीच नाही.
साडेअकरा: आहे.
एक: आहे.
दोन वाजून दहा: आहे.
आयुष्यात पहिल्यांदा
एका यशस्वी उत्तरानं माझ्या पोटात गोळा आला.
"बोरसेकाका, गेट उघडा."
"या वेळी? रिझल्ट लागला का काय?"

होळकर पुलावर बोटं ब्रेकला चिकटलेली,
मालेगाव स्टँडवर चहावाला एकटाच जागा.
घाट नाही, मुंबई नाही. सरळ.

ताईनं दार उघडलं. अंगात आईचा स्वेटर, हातात थर्मामीटर.
ओजसला एकशे तीन. भाऊजी अंबडला, रात्रपाळीला.
ती मोबाइलवर ताप कसा उतरवायचा ते शोधत बसलेली.
"तुला कुणी सांगितलं?"
टीव्हीमागे हिरवा दिवा लुकलुकत होता.
"कुणी नाही," म्हटलं
आणि गार पाण्याच्या पट्ट्या पिळायला बसले.
"आधी हात धू," ती म्हणाली.
चौदा महिन्यांनंतरचं दुसरं वाक्य.

खैरनार सरांनी त्या रात्रीच्या नोंदी लाल पेनानं घेरल्या.
विसंगत आहेत, काढून टाक, आलेख स्वच्छ दिसेल.
सर बरोबर होते.
मी खाली बारीक अक्षरात तळटीप दिली:
कारण ज्ञात. स्थानिक.

ताई अजूनही मेसेजला उत्तर देत नाही.
पांढरी पट्टी मात्र त्यानंतर एकदाही आली नाही.
सर म्हणतात, बघ, तुझं मोजमाप बिघडलंय कुठेतरी.