टप्पा

यशवंत स्टेडियमच्या मांडवात आज चौथी रात्र.
स्वेटरवर शाल, शालीवर बॅनर,
आणि मांडीवर सहामाहीचे गठ्ठे.
प्रश्न तिसरा, पाच गुण:
‘क्रांती टाळण्यासाठी झारच्या सरकारने कोणत्या सुधारणा केल्या?’

रोल नंबर सतरा लिहितो,
भूदास मोकळे केले, जमीन दिली,
मग त्याच जमिनीचे हप्ते लावले
एकोणपन्नास वर्षांचे.
बरोबर.
खाली पेन्सिलीने, पुसट:
‘मॅडम, एवढे वर्षं जगते कोण जी?’

शेजारी धानोऱ्याचे उसेंडी सर
तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपलेत.
चौदा वर्षं विनाअनुदानित,
लग्नसराईत लॉनवर वाढपी.
एकदा पंगतीत त्यांचाच विद्यार्थी.
तो उठून उभा राहिला पानावरून,
आणि सरांच्या हातात जिलबीचं ताट.
हे ते हसत सांगतात,
मोर्चात दर वर्षी, नव्या माणसाला.

आज दुपारी टी-पॉइंटच्या कठड्यापाशी
पाच जणांना जीपमध्ये घालून नेलं.
चहा मिळाला, संत्रा बर्फी मिळाली,
आणि एक कागद.
वीस टक्के.
टप्प्याटप्प्यानं.
निकष पूर्ण करणाऱ्यांना.
वाऱ्यानं माइक खरखरला, तरी टाळ्या पडल्या.
मीही वाजवल्या. हात गारठले होते,
तेवढीच ऊब.
संध्याकाळपर्यंत अर्धा मांडव
भंडारा-गोंदियाच्या गाड्या पकडायला गेला.

रोल नंबर बत्तीस, सोनल मेश्राम, अक्षर मोत्यासारखं:
‘त्यांनी संसद दिली.
बोलू लागली की बरखास्त केली.
पुन्हा दिली.
पट्टे वाटणाऱ्या हातानंच फासाचे दोरही वाटले.’
एवढं मी शिकवलं नव्हतं.
पाचपैकी साडेतीन दिले,
मग हात आखडला,
मग अर्धा वाढवला,
म्हणजे पोरगी वही घेऊन
स्टाफरूमच्या दारात उभी राहणार नाही.

लाल पेन तसंच धरून
बराच वेळ बसले.

बंदोबस्तातला पोरगा केव्हाचा
मागून मोबाइलचा उजेड धरून होता.
कॉलरवर मफलर, मिसरूड नुकतं फुटलेलं.
‘माझी वहिनी पण तुमच्यातच आहे मॅडम, मांडवात.
सकाळी लाइनवर उभं राहावं लागन तं
तिच्याकडे पाहत नाही मी.’
मग वाकून पेपर वाचत म्हणाला,
‘मंग काय झालं जी त्या राजाचं?’

म्हटलं, पोर्शन इथंच संपतो.
पुढचा धडा यंदा वगळलाय.

तो हसला नाही.
उजेड थोडा खाली आणला त्यानं,
पुढच्या पेपरवर.