चहाचा ढीग

सौदा आटपला की ऑफिसच्या फरशीला चपला चिकटतात.
तासगावात या दिवसांत सगळंच चिकट:
कीबोर्डावरचं एंटर, पावतीबुकाचा पुठ्ठा,
आण्णांच्या चष्म्याची दांडी.
मी सहाशे बारा नावं उघडून बसलेय.

सॉफ्टवेअर विचारतं:
याद्या वेगवेगळ्या करू,
की यादी एकच आणि नावांवर चिठ्ठ्या?
खाली बारीक अक्षरात,
एकच माणूस दोन याद्यांत असला
तर तो दोन माणसं धरला जाईल.
बिलही दोघांचं.

आण्णा मगदूम खुर्चीतून पुढं वाकले.
"कोचीचा वर्गीस ओणमला माल उचलतो,
परत नाताळच्या केकला उचलतो.
म्हणून काय त्याला दोन तोंडं फुटली?"
मग यादी एकच ठेवू, आण्णा. वर चिठ्ठ्या चिकटवू.
"चिकटव."

हिरवा घेणारे. पिवळा घेणारे.
काळा घेणारे, म्हणजे आसवं-अरिष्टंवाले,
ते रंगाला नावं ठेवत नाहीत.
रमजानआधी हैदराबाद, दिवाळीआधी राजकोट.
उधारीवाले.
ही चिठ्ठी आण्णांनी काढायला लावली.
"चुकून त्यांना दिसली म्हणजे?"
त्यांना दिसत नसते, आण्णा.
"तरी काढ."
मी लिहिलं: सवडीनं देणारे.
आण्णांनी मान हलवली आणि बँकेत गेले.

साडेपाचला चौदा नावं उरली.
इंदूरचे दोघे भाऊ, दुकानं आता समोरासमोर,
बोलणं बंद, मेलचा पत्ता मात्र वडलांच्या वेळचा, एकच.
सोलापूरचे एक मास्तर, ज्यांनी एकदाच दोन किलो नेले
आणि तेव्हापासून दर संक्रांतीला विचारतात,
यंदा गारपीट झाली का.
आणि भोपाळचा एक पत्ता,
सहा वर्षांत एक पेटी नाही,
पण आमची प्रत्येक मेल तिथं उघडते,
रात्री पावणेदोनच्या सुमारास.
यांना कुठली चिठ्ठी?

डोळे दुखले म्हणून शेडकडं गेले.
पट्टा नुकताच थांबला होता.
तायव्वा मावशी पदरानं हात पुसत म्हणाली,
"आत बसून दिसभर काय निवडायलीस गं?"
माणसं, मावशी.
"आन् जाळी किती नंबरची?"
बाकीच्या हसल्या. मीही.

तिच्या पायाशी क्रेट तीन, आणि एक स्टीलची वाटी.
वाटीत दोन-दोन, तीन-तीन एकमेकांना धरून बसलेले.
हे का बाजूला?
"जोड तोडायचा न्हाई. साल फाटतंय,
रस सुटतोय, मग आख्खा क्रेट खराब."
मग यांची प्रत कुठली?
"प्रत कसली आलीय? ह्यो चहाचा ढीग."
किटली आली. वाटी फिरली.
माझ्या वाट्याला तिघांचा एक गठ्ठा,
अर्धा गोड, अर्ध्यात देठाचा काडका.

परत येऊन नवी चिठ्ठी केली: चहा.
चौदाही तिच्यात घातले.
आण्णांनी जाता जाता स्क्रीन बघितली,
"चहाचे व्यापारी कवापासनं आले आपल्यात?"
असू द्या, म्हटलं.

सगळ्यांना दरपत्रक गेलं, या चौदांना नाही.
त्यांना चार ओळी लिहिल्या:
ऊन चांगलं आहे.
गारपीट सावळजच्या बाजूला थोडी झाली, इकडं नाही.
माल अजून शेडवर वाळतोय.
काही मागवायचं नसलं तरी चालेल.
खाली स्वतःचं नाव टाकावं की फर्मचं,
यात दहा मिनिटं गेली. फर्मचं टाकलं.

सकाळी बघितलं.
मास्तरांचं उत्तर आलेलं, सावळजची चौकशी.
भोपाळला रात्री एक बेचाळीस.
इंदूरची मेल दोनदा उघडलेली,
दोन वेगळ्या फोनवरून,
सव्वानऊला, आणि परत नऊ वीसला.
सॉफ्टवेअरच्या हिशेबात मात्र तो एकच माणूस.
बिलही एकाचंच.