काऊन

एकोणीस वर्षं मी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं:
दुसरा अपूर्णांक उलटवा, मग गुणा.
सक्करदऱ्याच्या आमच्या शाळेचं छत दोनदा गळलं,
फळा हिरवा झाला, मग पांढरा,
वाक्य तेच.
पोरं उलटवायची, गुणायची, पास व्हायची.
माझा निकाल अठ्ठ्याण्णव टक्के.

मग एप्रिलात, सकाळच्या शाळेत,
खिडकीजवळून गुंजन हेडाऊ म्हणाली,
"मॅडम, उलटवाचं काऊन?"

नियम आहे, मी म्हटलं.
"हो, पण काऊन?"
उद्धटपणा नव्हता त्यात. बाप तिचा कूलर दुरुस्त करतो.
पंखा उलटा फिरला तर त्या घरात
चुकलेली तार शोधतात,
नियम आहे म्हणून कोणी झोपत नाही.

त्या रात्री मीही झोपले नाही.
टाकीत पंप गुरगुरत होता
आणि मी, गणितात एम.एस्सी.,
कॅलेंडरच्या पाठीवर तीन भागिले पाऊण लिहून
चोरासारखी बसले होते.
आमच्या वेळी प्रश्नपत्रिकेत असायचं,
कारणे द्या, गुण दोन.
कारणंही आम्ही पाठच केली होती.

दुसऱ्या दिवशी बादली नेली,
तीन लिटर पाणी, पाऊण लिटरची बाटली.
एका लिटरात पाव किती? चार.
तिनात? बारा.
बाटली एका वेळी किती पाव पिते? तीन.
ओतलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा,
चौथ्यांदा बादलीचा तळ दिसला.

खालचा चार वर का जातो,
वरचा तीन खाली का उतरतो,
हे मी पोरांच्या आधी नाही,
पोरांसोबत पाहिलं.
कोणी काही उलटवलंच नव्हतं.
तुकडे केले, तुकड्यांच्या जुड्या बांधल्या.
"बाप्पा! एवढंच होतं?" मागून कोणीतरी.
एवढंच होतं.

हेडमास्तरांच्या वहीत मी दोन धडे मागे आहे.
ओल्या फरशीवरून करुणाबाई शिपाईण पुटपुटत गेली.
गुंजन अजून बाटलीत डोकावत होती.
"अन् मॅडम, बाटली शून्याची असन त?
किती खेपा भराची?"
घंटा झाली.

मेडिकल चौकातल्या सिग्नलवर, बेचाळीस डिग्रीत,
दिवा हिरवा झाला तरी मी उभी,
जिच्यात काहीच मावत नाही अशी बाटली
भरत, भरत.
मागून ऑटोवाला ओरडला,
"ओ मॅडम, थांबल्या काऊन?"