सेल्व्हेज

माल परत आला, सोबत पत्र.
वडगावच्या विणकर सोसायटीत मी टायपिस्ट, नोकरीचं तिसरं वर्ष.
तीनशे टॉवेल नामंजूर. कारणाच्या रकान्यात
एकच शब्द: सेल्व्हेज.

चेअरमन बुचडी म्हणाले, भंगार म्हणालेत लेकाचे,
बुडालेल्या जहाजातनं उपसतात तसला माल.
मीही तसंच वाचलं होतं,
स्पेलिंग त्यांचंच चुकलंय असं धरून.

दुपारी सायकल काढली. वाचनालयातला
वाळवीनं कोपरा खाल्लेला कोश
दोन्ही हातांनी खाली उतरवला.

सेल्फ आणि एज.
स्वतःचीच कड.
पाचेकशे वर्षांमागे डच विणकरांच्या तोंडी
असाच एक शब्द होता, त्याच्यावर बेतून
इंग्रजांनी आपला केला, आणि बोलून बोलून
मधल्या फ चा व झाला.
शिवण नाही, दुमड नाही,
कापड आपलं आपण थांबतं ती जागा.
स्पेलिंगं दोन, दोन्ही बरोबर.
आमच्याकडे इतकं सोपं क्वचित असतं.

तसाच निंगव्वाच्या घरी गेलो.
ती खड्डामागात कमरेपर्यंत उतरलेली.
"काय शोधालास रे?"
शब्द सांगितला, अर्थ सांगितला.
"मग दडी म्हण की!"

दडी. लुगड्याच्या काठाला तिच्या कन्नडात दडी,
नदीच्या काठाला दड.
आम्ही दोन्हीला काठच म्हणतो,
मार्कंडेयचा असो की शहापुरी लुगड्याचा.
आणि दडी आमच्यात पोरं मारतात,
हाक ऐकू आली की.

तिनं धोटा फेकला. "बघ.
कडेच्या धाग्याला वळसा घालायचा नि माघारी यायचं.
तिथं हात सैल पडला
की काठ नागासारखा चालतो."

पिशवीतला टॉवेल मी पुढे केला.
तिनं काठावरनं अंगठा फिरवला,
एकदा, परत एकदा,
डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.
"माझाच हाय. डोळ्याचं आपरेशन झालं,
पट्टी सोडायच्या आधी बसले होते.
हप्ता होता ना."

मागाचा आवाज थांबला होता.
शेजारच्या घरात रेडिओवर बातम्या,
कुठल्या भाषेत, आता आठवत नाही.

संध्याकाळी उत्तर टाइप केलं.
सेल्व्हेज हा शब्द तीनदा वापरला, बरोबर वापरला.
दोष
त्या आठवड्यातल्या दमट हवेला दिला.